तांबं जास्त दिसलं म्हणजे प्रदूषणच, असं नाही

एक दावा असा ऐकला की ठाणे खाडीच्या गाळात तांबं जागतिक सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे, म्हणजे दोष कारखान्यांचा. कारखाने धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणत नाही, पण ही तुलनाच गंडलेली आहे. ती सरासरी बहुतेकदा शेल खडकाची (चिखल घट्ट होऊन बनलेला खडक) धरतात, तांबं सुमारे ४५ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४५ भाग. आपला गाळ येतो दख्खनच्या बेसाल्टमधून (लाव्हापासून बनलेला काळा खडक), आणि त्यात मुळातच १०० पीपीएमच्या वर तांबं सर्रास असतं.

शिवाय धातू बारीक चिखलाला जास्त चिकटतात, त्यामुळे वाळूचं प्रमाण बदललं की आकडे नाचतात. म्हणून चिखलातल्या ॲल्युमिनियमशी धातूचं गुणोत्तर काढतात, किंवा ६३ मायक्रॉनखालचाच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक भाग तपासतात. त्याहून भरवशाचं म्हणजे नळी खुपसून गाळाचा उभा गाभा काढणं. शिसे-२१० (शिशाचं किरणोत्सारी रूप, ते ठरावीक वेगाने कमी होत जातं) वरून थरांचं शंभरेक वर्षं मागपर्यंतचं वय लागतं. कारखान्यांआधीच्या थरात जे सापडेल ती तिथली मूळ पातळी. (थर ढवळलेले नसले तर! ड्रेजिंग, म्हणजे गाळ उपसणं, चालतं तिथे कठीणच.)

धातू मोजायला गाळ आम्लात विरघळवतात, तेव्हा अहवालात आम्ल कोणतं वापरलं तेही बघा. हायड्रोफ्लुओरिक आम्ल सिलिकेट (खडकातली मुख्य खनिजं) विरघळवतं, अम्लराज (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण) नाही, त्यामुळे सिलिकेटमध्ये अडकलेला धातू त्यात मोजला जात नाही. दोन्हींचे क्रोमियमचे आकडे शेजारी मांडून काही कळत नाही.

पाऱ्याचं मात्र वेगळं. बेसाल्टमध्ये तो नगण्य, त्यामुळे जास्त निघाला तर खडकावर ढकलता येणार नाही. फक्त नमुना कमी तापमानात वाळवला होता ना, हे विचारा. भट्टी तापवली की पारा उडतो आणि आकडा उगाच कमी येतो.