वरच्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनचे हादरे कसे कमी करावेत?

प्रश्न

नमस्कार. आमच्याकडे आठ किलो क्षमतेचे फ्रंट लोड मशीन आहे. सहा वर्षे ते तळमजल्यावर फरशीवर उभे होते आणि त्याने कधी त्रास दिला नाही. दोन महिन्यांपूर्वी ते वरच्या मजल्यावर, न्हाणीघराला लागून असलेल्या खोलीत हलवले. वरची जमीन लाकडी तुळयांवर फळ्या ठोकून केलेली आहे. तेव्हापासून कपडे पिळायची वेळ आली की सगळी खोली थरथरते. बरोबर खाली सासूबाईंची खोली आहे. त्यांची प्रकृती नाजूक असते आणि दुपारी पडल्या पडल्या पलंगातून थरथर जाणवते, असे त्या सांगतात. त्या तक्रार करत नाहीत, म्हणून मला जास्तच वाईट वाटते.

मी दोन उपाय केले. पिळण्याचा वेग १४०० वरून ८०० वर आणला आणि चारही पायांखाली रबरी पॅड ठेवले. दोन्हींनंतर हादरे कमी होण्याऐवजी वाढले आहेत. हा माझा भास नाही, कारण जमिनीवर ठेवलेल्या वाटीतले पाणी आता काठावरून सांडते, पूर्वी त्यात फक्त वलये उठत. दोष मशीनचा आहे की जमिनीचा, हे कसे ओळखावे?

पहिले उत्तर

मी बरीच वर्षे मशीनदुरुस्तीचे काम केले आहे. मशीन सहा वर्षे नीट चालले आणि जागा बदलल्यावर बिघडले, म्हणजे संशय जागेवर जातो हे खरे. पण हलवताना मशीनलाही इजा होऊ शकते, म्हणून आधी ती शक्यता काढून टाकू.

नव्या मशीनच्या पाठीमागे टब, म्हणजे ड्रमभोवतीची बाहेरची टाकी, आवळून धरणारे तीनचार बोल्ट असतात. ते बसवताना काढतात, आणि मशीन पुन्हा हलवायचे झाले तर परत लावायचे असतात. बहुतेक घरांत ते हरवलेले असतात. बोल्टांशिवाय मशीन आडवे करून जिन्यावरून नेले तर टब ज्या स्प्रिंगांवर लटकतो त्यांपैकी एखादी आकड्यातून निसटते. हे पाहायला मशीन बंद करून प्लग काढा, दार उघडा आणि ड्रमच्या वरच्या कडेवर तळहात ठेवून तो खाली दाबून सोडा. टब वर येऊन जवळजवळ लगेच स्थिर झाला पाहिजे. तो दोनतीनदा डोलत राहिला तर टबाचे हादरे शोषणारे खालचे दांडे, म्हणजे शॉकॲब्सॉर्बर, थकले आहेत, आणि एका बाजूला कललेला दिसला तर स्प्रिंग पाहावी लागेल. मग ड्रम हाताने फिरवा. आत खरखर जाणवली किंवा ड्रम वरखाली हलवल्यावर कटकन वाजला तर बेअरिंग गेले आहे.

आवाज कधी येतो, यावरूनही पुष्कळ कळते. पिळणे सुरू होताना, वेग अजून मिनिटाला दोनतीनशे फेऱ्यांच्या आसपास असताना टब कॅबिनेटवर आदळत असेल, तर दोष शॉकॲब्सॉर्बरचा किंवा एका बाजूला गोळा झालेल्या कपड्यांचा असतो. वेग वाढेल तशी घरघर चढत गेली तर बेअरिंग. मशीन स्वतः शांत दिसते आणि खोली मात्र थरथरते, असे असेल तर माझे काम संपले. पुढचे बांधकामवाल्याला विचारा.

एक राहिले: पाय. पॅड काढून टाका. मशीनच्या वर समोरासमोरचे कोपरे धरून आळीपाळीने दाबा. डुगडुगले तर एक पाय अधांतरी आहे. तो पाय खाली उतरवा, पाणसळ आडवी आणि उभी ठेवून पाहा, आणि सगळे जुळले की प्रत्येक पायावरचा चेकनट (पाय जागेवर पक्का धरणारा नट) वर नेऊन कॅबिनेटच्या तळाला घट्ट आवळा. चेकनट सैल राहिला तर आज जुळवलेला पाय आठवड्याभरात फिरतो. लाकडी जमीन वजनाने थोडी दबते, म्हणून ओल्या कपड्यांनी भरलेले मशीन असतानाही एकदा तपासा.

दुसरे उत्तर

मी इमारतींच्या संरचनेचे काम करतो. तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही सहज सांगून गेलात: वेग कमी केल्यावर हादरे वाढले. बहुतेक लोकांना हे अशक्य वाटते, पण लाकडी जमिनीच्या बाबतीत ते अगदी नेहमीचे आहे.

ड्रममध्ये कपडे कधीच सगळीकडे सारखे पसरत नाहीत. समजा, अर्धा किलो वजन मध्यापासून २५ सेंटीमीटरवर जास्तीचे राहिले. मिनिटाला १२०० फेऱ्यांना ते वजन जवळजवळ २०० किलोच्या जोराने ड्रमला बाहेर ओढते, आणि ८०० फेऱ्यांना साधारण ९० किलोच्या. स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर यातला बराच भाग गिळतात, उरलेला पायांवाटे जमिनीत उतरतो. नुसत्या जोराचा विचार केला तर ८०० हा वेग निम्म्याहून सौम्य ठरायला हवा. पण प्रत्येक जमिनीची स्वतःची एक लय असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका धक्का दिला तरी तो उंच जातो, आणि लय सोडून जोराने ढकलले तरी जात नाही, तसेच येथे होते. मिनिटाला ८०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे १३, आणि १४०० म्हणजे सुमारे २३. घरातल्या लाकडी जमिनीची लय सेकंदाला १३ कंपनांच्या आसपास असणे ही सामान्य गोष्ट आहे. तुम्ही वेग उतरवून नेमका तिच्याशी जुळवला असावा, असा माझा अंदाज आहे.

पॅडचेही असेच. पॅडवर उभे राहिलेले मशीन ही एक स्प्रिंगच असते, आणि मशीनच्या वजनाने पॅड किती दबतो यावर तिची लय ठरते. अर्धा मिलिमीटर दबला तर सेकंदाला साधारण २२, दीड मिलिमीटर दबला तर १३, चार मिलिमीटर दबला तर ८. पॅड हादरे अडवायला लागतो तो मशीनचा ठोका, म्हणजे ड्रमच्या सेकंदाच्या फेऱ्या, या आकड्याच्या निदान दीडपट झाल्यावर. त्याच्या आसपास असेल तर पॅड हादरे वाढवतो. शिवाय हा सगळा हिशेब खालची जमीन दगडासारखी पक्की आहे असे धरून केलेला असतो. काँक्रीटच्या स्लॅबवर चांगला पॅड खूप उपयोगी पडतो. लवचीक लाकडी जमिनीवर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये, आणि फार मऊ पॅडवर मशीनच डोलू लागते.

म्हणून एक प्रयोग करा. पॅड काढा, ड्रममध्ये त्याच तीनचार ओल्या चादरी ठेवा आणि ६००, ८००, १०००, १२०० अशा प्रत्येक वेगावर फक्त पिळण्याचे चक्र चालवा. पाण्याची वाटी प्रत्येक वेळी एकाच जागी ठेवा. मधल्याच एखाद्या वेगाला पाणी सर्वांत जास्त हलले तर दोष जमिनीच्या लयीत आहे. आणि मशीन कोणत्या भिंतीला लागून आहे, तुळया कोणत्या दिशेने जातात, हेही कळवा. फळ्यांवर खिळ्यांच्या डोक्यांची सरळ रांग दिसेल, तिच्याखाली तुळई असते.

तिसरे उत्तर

थोडी भर घालतो. आमच्याकडे अर्धा त्रास नळीचा निघाला. पाणी सोडणारी नळी भिंतीला पट्टीने घट्ट बांधलेली होती आणि मशीनची पाठ भिंतीला टेकत होती, त्यामुळे भिंतच भोंग्यासारखी वाजायची. नळीला सैल वळण ठेवा आणि चारही बाजूंना दोनतीन बोटे मोकळी जागा सोडा. मशीन उंच चौथऱ्यावर ठेवू नका. उंची वाढली की डोलणे वाढते. एकटी गोधडी किंवा पायपुसणे धुवायला टाकू नका, ते गोळा होऊन एका बाजूला बसते. रेनकोटासारखे पाणी धरून ठेवणारे कापड तर पिळायलाच लावू नये, कारण त्यात साठलेले पाणी वेगात एकदम सरकले तर मशीनचे मोठे नुकसान होऊ शकते.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

तिघांचेही मनापासून आभार. काल दिवसभर हेच केले.

टब दाबल्यावर एकदाच उसळून थांबतो आणि ड्रम आवाज न करता फिरतो. मागचा डावा पाय मात्र अधांतरी होता. त्याच्याखालून पोस्टकार्ड आरपार सरकले. तो उतरवून चेकनट आवळला. पॅड पट्टीने मोजले, मशीनखाली ते जेमतेम दीड मिलिमीटर दबत होते, म्हणजे आपण सांगितलेलाच आकडा. मग प्रयोग केला. ६०० ला पाण्यावर बारीक वलये, ८०० ला पाणी काठापर्यंत, १००० ला पुन्हा वलये आणि १२०० ला त्याहून थोडी जास्त. मी दोन महिने सासूबाईंना त्रास होऊ नये म्हणून नेमका तोच वेग लावत होते.

मशीन खिडकीखाली आहे आणि ती भिंत तुळयांना समांतर आहे. तुळया साधारण चार मीटर लांब आहेत आणि मशीन त्यांच्या जवळजवळ मध्यावर येते. ते दाराजवळच्या भिंतीकडे नेता येईल, पण त्यासाठी नळाची जोडणी बदलावी लागेल. तेवढ्याने फरक पडेल का, की जमीनच मजबूत करावी?

दुसऱ्या उत्तरकर्त्याचे उत्तर

नळाची जोडणी बदला, सर्वांत मोठा फरक तिथेच पडेल. दाराजवळच्या भिंतीवर तुळयांची टोके टेकलेली असतील. तुळई मध्यावर सर्वांत जास्त हलते आणि टोकाशी जवळजवळ हलतच नाही. चार मीटरच्या तुळईवर मशीनचा मध्य भिंतीपासून ४० सेंटीमीटरवर आला, तर तोच धक्का मध्यावर बसल्यावर जमीन जितकी हलते त्याच्या एकतृतीयांशाच्या आसपासच हलेल. ६० सेंटीमीटर खोलीचे मशीन पाठ भिंतीकडे करून ठेवले की ते आपोआप याच अंतरावर येते. त्याच्याखाली १८ मिलिमीटरच्या प्लायवूडचे दोन थर एकमेकांना स्क्रूने जोडून ठेवा आणि फळी निदान तीन तुळयांवर जाईल एवढी रुंद घ्या, म्हणजे भार एकाच तुळईवर पडणार नाही. ती फळी सरकू नये म्हणून जमिनीलाही पक्की करा.

वेग १००० ठेवा. वर चढताना मशीन ८०० मधून जाईल तेव्हा काही क्षण थरथर जाणवेल, पण ते त्या वेगावर मुक्काम करणार नाही. ६०० वर हादरे कमी असले तरी कपडे बरेच ओले राहतात.

खालचे छत उघडून तुळयांच्या मध्ये त्यांच्याच उंचीचे आडवे ठोकळे घट्ट बसवणे हा त्यानंतरचा उपाय आहे, आणि मशीन हलवल्यावर त्याची गरज राहील असे मला वाटत नाही. मात्र न्हाणीघराच्या भिंतीलगतच्या तुळयांची टोके एकदा जरूर पाहून घ्या. एखादी फळी उचलून तुळईत स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबा. ते लाकडात सहज रुतले तर तुळई कुजली आहे किंवा वाळवी लागली आहे, आणि तसे आढळले तर मशीन तिथे ठेवण्याआधी दुरुस्ती करून घ्यावी.