मदत हवी आहे: ऊन चढते आहे आणि वळवाचे ढगही येत आहेत, अशा दिवसांत हळद कधी शिजवावी?

नमस्कार मंडळी,

आमची शेती हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात आहे. हळदीची काढणी उरकली असून कुकरवर शिजवण्याचे काम अर्ध्यावर आले आहे. शिजलेली हळद उन्हात पसरल्यावर वाळायला साधारण दहा ते पंधरा दिवस लागतात, आणि त्या काळात हळकुंडे भिजली की रंग उतरतो, बुरशी धरते आणि बाजारात बोली खाली येते. ऊन तर आम्हाला हवेच आहे. धास्ती आहे ती उन्हाच्या पोटातून येणाऱ्या पावसाची.

हवामान खात्याने १ एप्रिल २०२४ रोजी जाहीर केलेल्या एप्रिल ते जूनच्या अंदाजात देशाच्या बहुतेक भागांत कमाल तापमान सरासरीपेक्षा जास्त राहील असे म्हटले आहे. एरवी चार ते आठ दिवस असणारी उष्णतेची लाट यंदा, म्हणजे २०२४ च्या उन्हाळ्यात, निरनिराळ्या भागांत दहा ते वीस दिवस जाणवू शकते, असेही त्यात आहे. दुसरीकडे मराठवाड्यासाठी ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस व सोसाट्याचा वारा’ असे पिवळे, म्हणजे सावध राहायला सांगणारे, इशारेही येत आहेत. इशारा वाचून दर वेळी हळद झाकावी, तर ताडपत्रीखाली तिला घाम सुटतो आणि दिवसभराचे ऊन वाया जाते. न झाकावी, तर एखाद्या संध्याकाळी अर्ध्या तासात सगळा माल ओला होतो. शिवाय आमच्याकडच्या ताडपत्र्या एका वेळी निम्म्याच मालाला पुरतात.

तेव्हा जाणकारांना विचारायचे आहे ते असे, की ‘तुरळक ठिकाणी’ हा इशारा एका गावाने किती मनावर घ्यावा, पुढची खेप शिजवायला घेण्याआधी कोणता अंदाज पाहावा आणि तो किती दिवसांपर्यंत धरून चालावे. कुकरच्या भट्टीजवळ काम करणाऱ्या माणसांबाबत काय काळजी घ्यावी, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

प्रतिसाद

दादा, ऊन आणि पाऊस या दोन वेगळ्या बातम्या नाहीत. उन्हाळ्यात विदर्भाकडून मराठवाडा आणि कर्नाटकाच्या अंतर्भागावरून दक्षिणेकडे अनेकदा हवेच्या कमी दाबाचा पट्टा तयार होतो. वायव्येकडून येणारे कोरडे, तापलेले वारे आणि समुद्रावरून आलेली दमट हवा त्याच्या आसपास भेटतात. जमीन दुपारपर्यंत तापली, की ही हवा वेगाने वर चढते आणि दुपारनंतर ढग गडगडू लागतात. खालचा थर कोरडा असल्याने पावसाचा बराचसा भाग वाटेतच वाफ होऊन जातो, त्यामुळे थंड झालेली जड हवा जोरात खाली कोसळते आणि पावसाआधी वारा येतो. ताडपत्र्या पुरेशा असून उपयोग नाही. त्यांच्या काठांवर वजन नसेल, तर पहिला थेंब पडायच्या आत त्या शेजारच्या शेतात गेलेल्या असतात.

इशाऱ्यातील ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या क्षेत्रातील पाऊस मोजणाऱ्या पाव किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस, आणि ‘काही ठिकाणी’ म्हणजे पावापेक्षा जास्त ते निम्म्या केंद्रांवर. हे मोजमाप पावसाच्या व्याप्तीचे आहे, जोराचे नाही. तुरळक सरीतही गारा पडू शकतात. माझ्या मते केवळ ‘तुरळक’ पाहून काम थांबवू नये, परंतु ‘काही ठिकाणी’ असे आले किंवा इशारा नारिंगी, म्हणजे पिवळ्यापेक्षा गंभीर, झाला, तर नवी खेप शिजवू नये, कारण पहिले दोन-चार दिवस माल सर्वांत नाजूक असतो.

तीन महिन्यांच्या अंदाजावरून खेप ठरवता येत नाही, तो विसरलेलाच बरा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे हवामान सल्ला पत्रक मंगळवारी आणि शुक्रवारी येते. शिजवण्याचा दिवस त्यातील पाच दिवसांच्या अंदाजावरून ठरवा. झाकायचे की नाही हे मात्र त्याच दिवशी, हवामान खात्याच्या तीन तासांच्या तात्कालिक इशाऱ्यावरून आणि रडारच्या चित्रावरून ठरवावे. दुपारी एकच्या सुमारास फुलकोबीसारखे ढग उंच चढताना दिसले, की माणसे खळ्याजवळ ठेवा. वीज पडण्याचा इशारा देणारे ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर घ्या आणि गडगडाट ऐकू आला, की माल राहू द्या, माणसांना पक्क्या छताखाली न्या. झाडाखाली कोणालाही थांबू देऊ नका.

मैदानी भागात तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असले, किंवा थेट ४५ अंशांवर गेले, तरच उष्णतेची लाट मानतात. एप्रिलमध्ये वसमतला ४२ अंश असले तरी लाट जाहीर होईलच असे नाही, पण भट्टीजवळच्या माणसाला त्याने काय फरक पडतो? पहाटे कुकर पेटवून अकराच्या आत काम आटोपा आणि पाण्यासोबत मीठ-साखरेचे पाणीही जवळ ठेवा.

धागाकर्ता

मनापासून आभार. यापुढची खेप शुक्रवारचे पत्रक पाहूनच शिजवायला घेऊ. एक शंका राहिली आहे. रात्री हळदीचा ढीग करून झाकल्यावर सकाळी ताडपत्रीच्या आतल्या बाजूला पाणी दिसते. ढिगावर बांबूची कमान उभारून, दोन्ही तोंडे उघडी ठेवून ताडपत्री टाकण्याचा प्रयोग कोणी केला आहे का, आणि वाऱ्यात ती टिकते का?