सल्ला हवा: पायी नर्मदा परिक्रमेत गावोगावच्या यजमानांकडे मुक्काम कसा करावा?

कृष्णाकाठ

नमस्कार. येत्या कार्तिकी एकादशीनंतर धाकट्या जाऊबाईंसह ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमा उचलण्याचा विचार आहे. आम्ही दोघी साठीच्या आसपासच्या असून रोज चालण्याची सवय आहे. पाठीवर ओझे घेऊन सलग चालण्याची मात्र नाही. मार्गाविषयी पुष्कळ वाचले आहे, त्यामुळे माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. चार-साडेचार महिने रोज कोणा ना कोणा अनोळखी माणसाच्या ओसरीवर पथारी पसरायची आणि त्याच्या घरचे जेवायचे, हे मला अवघड वाटते. आम्हा दोघींना निवृत्तिवेतन मिळते. ज्यांच्या घरी मुळातच ओढाताण असेल त्यांच्याकडे फुकट जेवणे मनाला पटत नाही आणि पैसे पुढे केले तर त्यांचा अपमान होईल अशी धास्तीही वाटते. आश्रम आणि घरे यांत काय निवडावे, यजमानांशी देण्याघेण्याचा व्यवहार कसा ठेवावा, आणि शूलपाणीच्या झाडीतून (नर्मदाकाठच्या डोंगराळ जंगलातून) जावे की प्रकाशामार्गे (तापीकाठच्या प्रकाशा गावावरून, रस्त्याने), याबाबत ज्यांनी पायी परिक्रमा केली आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पाऊलवाट

नर्मदे हर, ताई. आश्रम की घर, ही निवड बहुतेक वेळा आपल्या हातात राहत नाही. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर आहे, म्हणजे दोन्ही काठ मिळून किमान २,६०० किलोमीटर; त्यात धरणांच्या जलाशयांमुळे पडणारे वळसे वेगळे. गुजरातेत आश्रम आणि अन्नक्षेत्रे जवळजवळ आहेत. मध्य प्रदेशात, विशेषतः मंडला आणि नरसिंहपूर या पट्ट्यांत, गावातील मंदिर, शाळेचा व्हरांडा किंवा एखाद्या शेतकऱ्याची पडवी हाच मुक्काम असतो. दुपारी चारच्या पुढे ज्या गावात पोहोचाल तेथे रस्त्यावरचाच कोणीतरी ‘नर्मदे हर’ म्हणून हाक मारतो आणि ‘आज यहीं आसन लगाओ’ असा आग्रह करतो.

आसन लागले की पुढचा प्रश्न येतो, ‘सदाव्रत लोगे या भोजन पाओगे?’ तुमच्या शंकेचे निम्मे उत्तर या प्रश्नात आहे. सदाव्रत म्हणजे कोरडा शिधा: पीठ, डाळ, मीठ, मिरची, कधी दोन बटाटे. पुष्कळ गावांत तो एकट्या घराचा नसून गावाने मिळून किंवा एखाद्या मंदिराने भरून ठेवलेला असतो. घर ओढगस्तीचे दिसले, किंवा घरची बाई नुकतीच शेतावरून परतलेली असली, तर सदाव्रत मागून घ्यावे, दोन गोवऱ्या घ्याव्यात आणि स्वतः टिक्कड (जाड रोट) भाजावेत. याउलट ज्या घरात परिक्रमावासीला जेवू घातल्याशिवाय स्वतः जेवायचे नाही असा नेम आहे, तेथे शिधा मागितला तर घरच्यांचा हिरमोड होतो. तेथे पानावर बसावे. दोन्हींतला फरक पहिल्या आठवड्यातच कळू लागतो.

पैसे यजमानाच्या हातावर ठेवू नयेत, हे तुमचे बरोबर आहे. मात्र घरात लहान मुलगी असेल तर निघताना तिला नमस्कार करून दक्षिणा द्यावी. नर्मदेला तेथे कुमारिका मानतात, त्यामुळे कन्येला दिलेले सहसा कोणी परत करत नाही. आश्रमात दानपेटी असते. तरीही मला विचाराल तर मोठ्या, प्रसिद्ध आश्रमापेक्षा आडगावच्या एखाद्या कुटीत पुढच्या बाजारगावातून पिठाचे पोते पाठवलेले अधिक उपयोगी पडते.

यजमानांवर खरा भार एकट्यादुकट्या परिक्रमावासीचा पडत नाही. तो पाठीमागे सामानाची गाडी घेऊन चालणाऱ्या तीस-तीस जणांच्या जथ्यांचा पडतो. एकादशीनंतर लगेच सगळेच निघत असल्याने ओंकारेश्वरच्या पश्चिमेकडील पहिल्या टप्प्यात त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. तुम्ही पंधरा दिवस उशिरा निघालात तरी काही बिघडत नाही. शूलपाणीबाबत माझे मत विचाराल तर प्रकाशामार्गे जावे. ओंकारेश्वरहून निघून झाडीतून गेलात तर सर्वांत अवघड चढ-उतार पहिल्या दोन आठवड्यांत, म्हणजे पाय बसायच्या आधीच, समोर येतात.

जास्वंद

कृष्णाकाठताई, मी आणि माझी मावसबहीण दोघीच गेलो होतो, म्हणून बायकांच्या दृष्टीने थोडे लिहिते. तेथे तुम्हाला सगळे ‘माताराम’ म्हणतील आणि या एका हाकेने निम्मी काळजी मिटते. तरीही मुक्कामाच्या जागी घरातील किंवा आश्रमातील एखादी बाई दिसत नसेल, तर दिवस असेपर्यंत पुढच्या गावी जावे. एकाकी कुटीत केवळ पुरुष साधू असतील तर तेथे रात्र काढू नये. शौचालयाची चौकशी पाठीवरची पिशवी उतरवण्याआधी करावी, संकोच करू नये.

देण्याघेण्याचे म्हणाल, तर पैशापेक्षा हात कामाला लावलेले यजमानीणबाईंना जास्त भावते. निमाडात एका घरी अंबाडीची भाजी रटरटत होती आणि घरची सून ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांच्या धगीला उभी करत होती. माझ्या बहिणीने न विचारता परात पुढे ओढली आणि पुढच्या भाकऱ्या थापल्या. आमच्या भाकरीचा आकार पाहून त्या सुनेला हसू आवरेना, आणि त्यानंतर घरात पाहुणेपण उरलेच नाही. पुढे नरसिंहपूरकडे गक्कड (गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याचा भरता खायला मिळेल, तेथे वांगी भाजायला बसा. गरम पाणी, बिनसाखरेचा चहा, जाड गादी अशा मागण्या करू नयेत. पथ्यपाणी असेल तर ते आल्या आल्या सांगावे, ताट वाढल्यावर नव्हे.

ओझे सहा-सात किलोंच्या वर जाऊ देऊ नका. पथारी, पांघरूण, दोन जोड कपडे, एक पातेले, आधार कार्डाच्या प्रती आणि काही छायाचित्रे एवढे पुरते. ओंकारेश्वरला नगर परिषदेकडून परिक्रमावासीचा दाखला मिळतो तो जरूर घ्यावा. अनोळखी गावात तो दाखवला की पुढचे प्रश्न कमी होतात.

दगडधोंडा

पाऊलवाट यांच्याशी शूलपाणीबाबत मी सहमत नाही. प्रकाशामार्ग म्हणजे खेतिया, शहादा, तळोदा, अक्कलकुवा असा बहुतेक डांबरी रस्ता आहे. नर्मदा दूर राहते, तापी जवळ येते आणि ट्रकच्या धुराळ्यात दिवस जातो. गुडघे ठणठणीत असतील तर झाडीतूनच जावे. मात्र तेथे पाहुणा म्हणून जाताना यजमान कोण आहेत हे ठाऊक असावे. महाराष्ट्राला नर्मदेचा जो जेमतेम ५४ किलोमीटरचा काठ लाभला आहे तो नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत येतो, आणि त्या डोंगरांतील भिल्ल व पावरा कुटुंबांपैकी अनेकांच्या काठालगतच्या जमिनी सरदार सरोवरात गेल्या आहेत. २०१९ साली जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. मूळ शूलपाणेश्वराचे मंदिर तर त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली गेले होते. एकेकाळी याच झाडीत परिक्रमावासींना लंगोटीपर्यंत लुटले जाई. आज त्याच डोंगरांत मक्याची भाकरी पुढे येते, आणि ती ज्या कणगीतून येते ती फार भरलेली नसते.

म्हणून तुमची शंका खऱ्या अर्थाने लागू पडते ती येथे. बडवानीत दोन-तीन दिवसांचा शिधा, तेल, गूळ आणि मीठ विकत घ्या, आणि भादल, बिलगाव या बाजूला ज्यांच्याकडे उतराल त्यांच्या चुलीपाशी तो ठेवून सगळ्यांनी मिळून जेवा. वाट दाखवायला एखादा मुलगा दिवसभर सोबत आला तर त्याला दिवसाची मजुरी द्यावी; त्याचा रोजगार बुडालेला असतो, त्यामुळे येथे संकोचाचे कारण नाही. बिस्किटे आणि चॉकलेटे मात्र वाटू नका. परिक्रमावासी दिसला की मुले धावत येऊन हात पसरतात, ही सवय आपणच लावली आहे. द्यायचेच असेल तर जवळच्या जीवनशाळेत (नर्मदा बचाव आंदोलनाने आदिवासी मुलांसाठी चालवलेल्या शाळेत) गुरुजींना भेटून वह्या-पेन्सिली त्यांच्याकडे सोपवाव्यात.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कन्येच्या हाती दक्षिणा देण्याची आणि शिधा सोबत नेण्याची सूचना फार उपयोगाची आहे. जाऊबाईंचा डावा गुडघा अधूनमधून दुखतो, त्यामुळे बहुधा प्रकाशामार्गेच जाऊ. दगडधोंडा यांनी रागावू नये. त्याआधी काही छोटा सराव करता येईल का? आणि समुद्राकडील नावेच्या प्रवासात यजमानांची काही सोय असते का?

पाऊलवाट

सरावासाठी चैत्रातील उत्तरवाहिनी परिक्रमा उत्तम आहे. गुजरातेत रामपुरा आणि तिलकवाडा यांदरम्यान नर्मदा उत्तरेकडे वाहते, आणि साधारण वीस किलोमीटरची ती फेरी एका दिवसात होते. मात्र त्यासाठी तुम्हाला निघणे एक वर्ष पुढे ढकलावे लागेल. तेवढा धीर नसेल तर भरलेली पिशवी पाठीवर घेऊन आठवड्यातून दोनदा दहा-बारा किलोमीटर चाला.

खाडीकिनारा

नावेविषयी लिहितो. दक्षिण तटावरील विमलेश्वरहून उत्तर तटावरील मिठी तलाईला नाव जाते. परिक्रमेत नर्मदा ओलांडायची नसल्याने जेथे ती सागराला मिळते तेथूनच फिरून पलीकडे जायचे असते. विमलेश्वरला निवासाची आणि जेवणाची सोय आहे, पण गर्दीच्या दिवसांत दाटीवाटीने झोपावे लागते. पोहोचताच नाव नोंदवावे. होडी भरतीवर सुटते आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे कधी पहाटे तर कधी मध्यरात्री निघावे लागते, आणि कधी एक-दोन दिवस थांबावेही लागते. या प्रवासाचे भाडे द्यावे लागते, म्हणून रोख रक्कम जवळ ठेवावी. तीन-चार तास उघड्या नावेत बसावे लागते. कानटोपी, कोरडा खाऊ आणि प्यायचे पाणी वरच्या कप्प्यात असू द्यावे. उतरताना ओहोटी लागली असेल तर गुडघाभर चिखलातून चालावे लागते, तेव्हा जाऊबाईंच्या हाती काठी द्या आणि त्यांची पिशवी आधीच एखाद्या खलाशाकडे सोपवा.