मदत हवी आहे: शाळेच्या मुलांना नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरची सेवा करता येईल का?

नमस्कार.

मी हिंगोली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत आठवीला इतिहास शिकवतो. येत्या जानेवारीत सुमारे चाळीस मुलामुलींना नांदेडला, तख्त सचखंड श्री हजूर साहिब या शिखांच्या प्रमुख गुरुद्वाऱ्यात न्यायचे ठरते आहे. सहल म्हटली की दर्शन घ्यायचे, फोटो काढायचे आणि बसमध्ये बसायचे, एवढ्यावर ती आटोपते; या वेळी तसे होऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

गुरु गोविंदसिंगजींनी १७०८ साली याच गावी देह ठेवला आणि त्यापूर्वी गुरुपद ग्रंथसाहिबाकडे सोपवले, हे मुलांनी वाचलेले आहे. त्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नाही, आणि नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी तर आमच्याच जिल्ह्यात आहे. वारकरी घरांतल्या या मुलांना नांदेडचा गुरुद्वारा म्हणजे पंजाबातून येणाऱ्या यात्रेकरूंचे ठिकाण वाटते. प्रत्यक्षात दवाखान्याच्या कामासाठी खेड्यापाड्यांतून आलेली माणसे, परगावची शिकणारी मुले, बाजाराला आलेले शेतकरी असे कितीतरी मराठी लोक तिथे लंगरात, म्हणजे सर्वांसाठीच्या मोफत जेवणाच्या पंगतीला, बसतात. त्यांना कोणी जात विचारत नाही, की पैसे मागत नाही. डोके झाकून, जमिनीवरच्या पट्टीवर बसून, दोन्ही हात पुढे करून पोळी घ्यायची, एवढीच रीत. मुलांनी तिथे जेवावे, पण त्याआधी तासभर तरी पोळ्या लाटाव्यात किंवा ताटे धुवावीत, असे मला वाटते, कारण शेजारी बसून केलेल्या कामातून जे कळते ते माझ्या तासाला सांगून कळणार नाही.

जाणकारांनी कृपया पुढील बाबतींत मार्गदर्शन करावे. गुरुद्वाऱ्यासाठी १९५६ च्या कायद्याखालील मंडळ आहे. तेव्हा शाळेचे पत्र मंडळाच्या कार्यालयात द्यावे, की लंगरच्या सेवादारांशी थेट बोलणे पुरेसे होते? एवढ्या मुलांना तख्ताच्या लंगरात सामावून घेणे सोयीचे ठरेल, की शहरातील गुरुद्वारा लंगर साहिब येथे जावे? या वयाच्या मुलांना तव्याजवळ जाऊ देतात का? शिधा न्यायचा झाल्यास गहू, तूरडाळ आणि गूळ चालेल का? पालकांनी घरटी थोडे थोडे धान्य देण्याची तयारी दाखवली आहे, आणि मला त्याचे फार अप्रूप वाटते.

गोदावरीचे पाणी गागरीतून आणून रोज पहाटे तख्ताला स्नान घातले जाते, आणि संध्याकाळी दिव्यांची आरती होऊन गुरूंच्या शस्त्रांचे दर्शन घडते. पहाटेच्या वेळी मुलांना नेणे अवघड आहे. संध्याकाळच्या आरतीला थांबायचे तर किती वाजेपर्यंत मोकळे होता येते, हे कळल्यास बसवाल्याशी तसे बोलता येईल. तंबाखू आवारात मुळीच नेऊ नये, हे त्याला आधीच बजावले आहे.

आणखी एक विनंती. पिढ्यान्‌पिढ्या मराठवाड्यात राहिलेल्या दखनी शीख कुटुंबांपैकी कोणी ज्येष्ठ व्यक्ती मुलांशी अर्धा तास मराठीतून बोलू शकतील का? त्यांच्या लहानपणचे नांदेड, गल्लीतले सण, होळीनंतरची हल्लाबोल मिरवणूक, असे काहीही चालेल. कोणाची तशी ओळख असल्यास, आधी त्यांची संमती घेऊन मला व्यक्तिगत निरोप पाठवावा.