समोरच्या काकांशी इलेक्शनबद्दल बोलायचं की गप्प बसायचं?

सिंहगड रोडच्या समाविष्ट गावांपैकी एकात राहतो. 2021 ला महापालिकेत गेलो पण तेव्हापासून नगरसेवकच नाही, 2022 पासून तर अख्ख्या पुण्याला प्रशासक, आता 15 जानेवारी 2026 ला आमचं पहिलंच मतदान त्यामुळे सगळ्यांच्या अंगात आलंय. प्रॉब्लेम असा की समोरचे काका, ज्यांच्याकडे आमची किल्ली असते, पोरगं शाळेतून आलं की काकू त्याला खायला देतात, इतकं घरोब्याचं, ते मला अजिबात न पटणाऱ्या उमेदवारासाठी फिरतायत. परवा लिफ्टमधे म्हणाले, "आपली चारही मतं एकाच चिन्हाला हं." मी नुसता हसलो. बायको म्हणते गप्प बस, किल्ली परत येईल. पण 2025 च्या जानेवारीत जीबीएसची (हातपाय लुळे पाडणारा आजार) साथ आली तेव्हा पाणी उकळून पिणारे आम्हीच ना, मग बोलायचंच नाही का?

साखर_कमी:
चारही एकाच चिन्हाला असा काही नियम नाहीये. पुण्यात एका प्रभागात अ ब क ड अशा चार जागा, म्हणून चार मतं, प्रत्येक जागेला वेगळा पक्ष चालतो, कोणीच नको तर नोटा, फक्त चारही बटणं दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. 2017 ला आमच्या बूथवर एक आजी दोनच दाबून निघाल्या, त्यांना हाका मारून परत आणलं 😄 म्हणून मी शेजाऱ्यांना कोणाला देणार विचारतच नाही, "ब ला कोण बरं वाटतंय हो?" एवढंच. मग माणसं उमेदवारांबद्दल बोलतात, पक्ष निघत नाही.

दादरवाला:
तुमची मजा आहे. मुंबईत 227 वॉर्ड, एका वॉर्डात एकच नगरसेवक, पळवाट नाही. 2017 ला शेजाऱ्याशी जिन्यात वाजलं ते दीड वर्ष फराळाची ताटं बंद. बोला, पण सोसायटीच्या ग्रुपवर नको, तिथे बघे जास्त.

ऊसकरी:
फ्लॅटवाल्यांचं काय घेऊन बसलाय. आमच्याकडं ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्हच नसतं, पॅनेल असतंय आणि चुलत्याच्या विरोधात पुतण्या उभा. कुणाला मत देणार विचारायची गरज नाही, चहा कुणाच्या दारात पितोय ते बघायचं.

प्रश्नकर्ता:
अपडेट. काल टँकर आला तेव्हा गच्चीत टाकीपाशी काका भेटले, मीच काढला विषय, की काका हे टँकर अजून किती वर्षं, तुमच्या उमेदवाराला विचारलंत का. ते बराच वेळ पाइपच धरून उभे. मग म्हणाले, "पाण्याचं तुझं बरोबर आहे. पण हिला रात्री दीडला ॲडमिट केलं तेव्हा त्याची पोरं गाडी घेऊन आली, तू बंगलोरला होतास." मला हे माहीतच नव्हतं राव. काकू बोलल्याच नाहीत कधी. यावर काय बोलणार, मीही पाइपचं दुसरं टोक धरलं.

खाली उतरताना स्वतःच म्हणाले, एक मत त्याला ठरलेलं, ते बदलणार नाही. आणि मग, "ड ला तू कोणाचं बघतोयस?"

शनिवारी चहाला बोलावलंय.