रडायचं कुठे? अनुभव लिहा

पुण्यात रडायला जागा नाही, हे माझं जुनं मत आहे. वन बीएचकेत सासूबाई, नवरा, मुलगा आणि कुणाची ना कुणाची मीटिंग चालू. बाथरूममध्ये जरा वेळ जास्त लागला की बाहेरून ‘झालं का गं?’ टेकडीवर जावं तर ‘काय गं, आज एकटीच?’ म्हणत कुणीतरी भेटतंच. मैत्रिणीचा ठाम विश्वास आहे की रडलं की मन साफ होतं. माझं तसं नाही. कधी रडून उठले की कडकडून भूक लागते आणि रात्री गाढ झोप लागते, तर कधी नुसतं डोकं ठणकत राहतं. तुमचं कसं? कुठे रडलात, जवळ कोण होतं, नंतर काय झालं ते लिहा. ‘सकारात्मक राहा’ छापाचे सल्ले कृपया नकोत.

हिंजवडी_रिटर्न
हेल्मेट. पुणेकरांचा त्याला एवढा विरोध का, मला कळत नाही. नोकरी गेली त्या दिवशी हिंजवडीपासून रडत आलो, कुणाला पत्ता नाही. एकच अडचण: आतून काच धुकते, चष्मा धुकतो आणि नाक पुसता येत नाही. विद्यापीठ चौकात सिग्नलला शेजारचे काका माझ्याकडे बघून जोरजोरात हात हलवायला लागले. म्हटलं, समजलं वाटतं यांना. ते साइड स्टँड दाखवत होते.

अभ्यासिका_मुक्काम
स्पर्धा परीक्षेच्या निकालाच्या रात्री शास्त्री रोडला या, जागा दाखवतो. आम्ही रूमवर तिघं. घरून फोन आला की आई विचारते, जेवलास का. ‘हो’ म्हणून कापतो, दुसरा शब्द काढला तर आवाज फुटेल. मागच्या यादीत पार्टनरचं नाव होतं, माझं नव्हतं. त्यानं पेढे आणले आणि पुडा न सोडता कपाटावर ठेवून दिला. ते बघून मला रडू फुटलं. मग तोही रडला, खरं तर त्याला काय कारण होतं? नंतर दोघांनी मिळून पुडा संपवला. हलकं वाटलं का? वाटलं. अभ्यास झाला का? पुढचे काही दिवस नाही.

नोव्हेंबर
बाबा जूनमध्ये गेले. वैकुंठ स्मशानभूमीत मी फॉर्म भरत होते, दाखल्याच्या किती प्रती लागतील ते विचारत होते. ओंकारेश्वरला दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हाही मी दक्षिणेसाठी सुट्टे शोधत होते. एक काकू मागून म्हणाल्या, “दगड आहे हो पोरगी.”

नोव्हेंबरात बाबांच्या फोनवर बँकेचा मेसेज आला: हयातीचा दाखला सादर करा, अन्यथा पेन्शन थांबेल. ते गेल्याचं कळवून झालं होतं, तरी आला. दाखला द्यायला जायच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालायचे, खिशाला पेन लावायचे आणि दारातून ओरडायचे, “जिवंत आहे म्हणून सांगून येतो गं!” मी ओट्यापाशी उभी होते, तिथेच खाली बसले. हमसून हमसून रडले. दार उघडंच होतं. समोरच्या आजी आल्या, गॅस बंद केला, उतू गेलेलं दूध पुसलं, फडकं पिळून वाळत टाकलं आणि माझ्याशेजारी फरशीवर बसल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्या एरवी खाली बसत नाहीत. काही म्हणजे काही बोलल्या नाहीत. त्या रडण्यानं मला बरं वाटलं, हे खात्रीनं सांगते. एकटी असते तर वाटलं असतं का, माहीत नाही.

डोळेवाली
डोळ्यांची डॉक्टर आहे, त्यामुळे राहवत नाही. अश्रू तीन तऱ्हांचे: डोळा सतत ओला ठेवणारे, कांद्याधुराचे आणि भावनेचे. ते करणारी मुख्य ग्रंथी वरच्या पापणीच्या आड, बाहेरच्या बाजूला असते. निचरा मात्र नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून थेट नाकात होतो. म्हणून रडताना नाक गळतं (हिंजवडी_रिटर्न, इलाज नाही). तान्ही बाळं पहिले काही आठवडे कोरडीच रडतात.

आता ते ‘रडल्यानं विष बाहेर पडतं’ फॉरवर्ड. १९८० च्या दशकात अमेरिकेत संशोधक विल्यम फ्रे यांना भावनेच्या अश्रूंत कांद्याच्या अश्रूंपेक्षा प्रथिनं जास्त आढळली. त्यावरून लोकांनी विषापर्यंत मजल मारली. तसा पुरावा नाही, शरीराची सफाई करायला यकृत-मूत्रपिंडं आहेत. मला पटतो तो नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ व्हिंगरहूट्स यांच्या गटाचा २०१५ चा छोटा प्रयोग. रडका सिनेमा दाखवला. जे रडले त्यांचा मूड लगेच आणखी बिघडला, २० मिनिटांनी पूर्ववत झाला आणि ९० मिनिटांनी सिनेमाआधीपेक्षाही बरा होता. म्हणून एखाद्याचे डोळे पुसून व्हायच्या आत ‘आता बरं वाटतंय ना?’ विचारू नका. तेव्हा नसतंच वाटत.

माहेरवाशीण
विरोधी मत नोंदवते. बाळंतपणानंतर मी रोज रडायचे. सकाळी, दुपारी, बाळाला पाजताना. आई म्हणायची, रडू नकोस, दूध आटेल. मावशी म्हणायची, रडू दे, मोकळी होईल. मोकळीबिकळी काही झाले नाही. पहिल्या दोनेक आठवड्यांत असं रडू येणं नेहमीचं आहे, त्यापुढेही थांबेना तर डॉक्टरांना दाखवावं, हे मला नंतर कळलं. मला डिप्रेशन होतं, औषधानं उतार पडला. तेव्हा ‘रडून घे, बरं वाटेल’ हे दर वेळी खरं नसतं. ज्यांचं थांबतच नाहीये, जगणं नकोसं वाटतंय, त्यांनी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन करा. नंबर १४४१६, सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.

पेठेतला_म्हातारा
१२ जुलै १९६१, पानशेत फुटलं. मी शाळकरी. नदीकाठच्या पेठेत वडिलांचं वाणसामानाचं दुकान. पाणी ओसरल्यावर आत गेलो तर तांदूळ, गूळ, साबण, काड्यापेट्या यांचा गुडघाभर चिखल. कसला वास होता तो, अजून नाकात आहे. आई रस्त्यात बसून धाय मोकलून रडली. शेजारणी आल्या, त्याही बसल्या. वाड्याच्या भिंतीच गेलेल्या, लाजायचं कुणाला? वडील मात्र फावड्यानं चिखल उपसत राहिले.

पुढे आई पुराच्या गोष्टी रंगवून सांगायची, कुणाची गाय कुठल्या गच्चीवर सापडली वगैरे. वडील त्याबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत. पण जुलैत पाऊस लागून राहिला की रात्री उठून छत्री घेऊन नदीचं पाणी बघून यायचे. त्यांच्या पिढीच्या पुरुषांना रडायची सोयच नव्हती. मलाही फारशी नव्हती, पण नातीसमोर येतं अधूनमधून.

सासवडची
आमच्याकडे मयताला बाया हेल काढून रडतात. “औंदा हिरीला पानी लागलं रं दादा, बघाया न्हाई ऱ्हायलास…” असा वर्षाचा सगळा जमाखर्च त्यात येतो. कुणाचं काय राहिलं, कुणी दवाखान्यात न्यायला उशीर केला, सगळं. भावजयीला सुनवायचं तेही त्यातच सुनावलं जातं. मामा गेले तेव्हा आत्या सिंहगड रोडच्या फ्लॅटवर आल्या आणि जिन्यातूनच गळा काढला. सोसायटीचे सेक्रेटरी येऊन हात जोडून म्हणाले, जरा हळू करायला सांगता का, वर दहावीचा मुलगा आहे. आत्या एकदम गप्प झाल्या. गावी परत जाईपर्यंत गप्पच होत्या. मला तो माणूस अजून डोळ्यासमोर नको वाटतो.

नाना_पेठ
पालखी मुक्कामाला आली की मला रडू येतं. देवधर्म काही करत नाही. का येतं विचारू नका.

नवरदेव
आमच्या लग्नात पाठवणीला नवरी कोरडी ठणठणीत, मी हुंदके देतोय. तिची आई रडायला लागली आणि मला माझी आठवली, बस्स. सासऱ्यांनी खिशातला रुमाल काढून दिला आणि हळूच म्हणाले, “जावईबापू, मुलगी आमची चाललीय.” कॅमेरावाल्यानं तेवढंच नेमकं टिपलं. दर वाढदिवसाला मेव्हणा तो व्हिडिओ ग्रुपवर टाकतो. रुमाल मी परत केलेला नाही.