मॅन्युफॅक्चरिंगचा दोन वर्षांचा कोर्स, गणित कच्चं असेल तर जमेल का?

प्रश्न: मॅन्युफॅक्चरिंग इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीला ॲडमिशन घेतोय, हाताने काम करायची आवड आहे पण गणिताची धास्ती वाटते, नक्की काय लागतं?

उत्तर १: कॅल्क्युलसपेक्षा ट्रिगनोमेट्री रोज लागते रे, टेपर (निमुळता उतार) काढायचा, पिच सर्कलवर (होलच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळावर) होल मारायचे, सगळीकडे साइन-कॉस. आणि ड्रॉइंग वाचायला आधी शीक. २० एमएमच्या होलला एच७ (मापात किती फरक चालेल त्याचा कोड) लिहिलंय म्हणजे २०.००० ते २०.०२१ मधेच पाहिजे. मी पहिल्या सेमला लेथवरचा गरम शाफ्ट तसाच मायक्रोमीटरने मोजला, माप बरोबर आलं म्हणून खूश, आणि थंड झाल्यावर बघतो तर अंडरसाइज, म्हणजे मापापेक्षा लहान! मापं २० डिग्री सेल्सिअसला धरतात हे तेव्हा जे डोक्यात बसलं ते कायमचं.

उत्तर २: सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनला) घाबरू नका, जी००, जी०१ (टूल वेगाने हलवायचा आणि सरळ रेषेत कापायचा कोड) लवकर येतं. खरी कसोटी ऑफसेटची (टूल आणि जॉब कुठे आहेत ते मशीनला सांगणारे आकडे), प्लस-मायनस चुकलं की टूल सरळ जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, घुसतं. पहिला पीस नेहमी सिंगल ब्लॉकवर (प्रोग्रामची एकेक ओळ चालवून), रॅपिड (न कापता हलतानाचा वेग) कमी करूनच.

उत्तर ३: पुढे डिग्री करायची असेल तर या कोर्सचे क्रेडिट तिकडे ट्रान्सफर होतात का ते ॲडमिशनआधीच लेखी विचारून घ्या.

प्रश्नकर्ता: मनापासून धन्यवाद, आजच ट्रिगचं पुस्तक काढतो.